पिवळा दिवा विझवणाऱ्यांना उत्तर

दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला, की आपल्याकडे दोन सल्ले तयार असतात. पहिला फुकटातला. फ्यूज काढून टाका, ब्रेक लागतोय ना, मग झालं. वडिलांच्या गाडीला कुठे होतं एबीएस? दुसरा महागातला. मॉड्यूल गेलं असेल, नाहीतर चारही चाकांचे सेन्सर एकदम बदलून घ्या, कटकट मिटेल. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाणाऱ्या रस्त्यावर रोज गाडी हाकणारे, पर्यटकांना लेणी दाखवायला नेणारे टॅक्सीवाले, रस्त्याकडेचे गॅरेजवाले, सगळ्यांच्या तोंडून मी हे दोन्ही सल्ले वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. ते देणारी माणसं वाईट नाहीत. कुणाला समोरच्याचे पैसे वाचवायचे असतात, कुणाला गाडी लवकर मोकळी करून द्यायची असते. पण दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींतली चूक एकच आहे: चाकापाशी बसून कुणीही काहीही मोजलेलं नसतं.

फुकटातला सल्ला आधी घेतो, कारण धोका त्यात जास्त आहे.

त्याच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करतो. एबीएस बंद पडलं म्हणून ब्रेक बंद पडत नाहीत. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधल्या तेलाचा दाब चारही चाकांपर्यंत पोचतो, कॅलिपर डिस्क आवळतो, गाडी थांबते. चाकाचा सेन्सर बिघडला तरी हे सगळं चालूच राहतं. कोरड्या, सपाट रस्त्यावर रोजच्या ब्रेकिंगमध्ये फरक जाणवतही नाही. म्हणूनच हा सल्ला लोकांना पटतो, आणि फ्यूज काढल्यावर महिनाभर काही झालं नाही की तो शहाणपणाचा ठरतो.

पण एबीएस रोजच्या ब्रेकिंगसाठी नसतंच. ते अचानक कुणी आडवं आल्यावर पायाने पेडलवर सगळं वजन टाकलं जातं, त्या दोन-तीन सेकंदांसाठी असतं. चारही चाकांजवळचे सेन्सर प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय हे सतत सांगत असतात. एखादं चाक इतरांपेक्षा झपाट्याने मंदावलं, म्हणजे ते आता जाम होणार, हे एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा मेंदू, ओळखतं आणि त्या चाकाचा दाब क्षणभर सोडून पुन्हा लावतं. हे सेकंदात कितीतरी वेळा होतं. पेडलखाली जी थरथर लागते ती त्याचीच. जाम झालेलं पुढचं चाक फक्त घसरतं, स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी वळत नाही. फिरतं राहिलेलं चाक मात्र वळतं. एबीएसचा खरा उपयोग हाच आहे की पूर्ण ब्रेक लावूनही चालकाला गाडी बाजूला काढता यावी.

आता हा सल्ला ज्या रस्त्यावर दिला जातो तो रस्ता पाहा. शहरापासून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर. दौलताबादच्या किल्ल्यापाशी रस्ता जुन्या तटबंदीच्या दरवाजातून जातो, तिथे दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एकीला थांबावंच लागतं. पुढे घाट चढून खुलताबाद, आणि खुलताबादहून लेण्यांकडे पुन्हा वळणावळणाचा उतार. श्रावणात या रस्त्याचं रूप बदलतं. श्रावणी शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची रांग आदल्या रात्रीच शहरातून निघालेली असते. सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनाला जिल्ह्याबाहेरूनही गाड्या येतात. वरून पाऊस, रस्त्यावर शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती, कडेने अंधारात चालणारी माणसं, त्यांत बायका आणि मुलंही. साठच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते आणि पाय ब्रेकवर पोचेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या डांबरावर थांबायला सुमारे २० मीटर लागतात, ओल्या डांबरावर सुमारे ३५. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सूत्राने येणारे हे ढोबळ आकडे आहेत. उतारावर ते वाढतात, चिखलावर आणखी वाढतात. या अंतरात समोरच्या माणसाला चुकवण्याचा एकच मार्ग उरतो, स्टिअरिंग. फ्यूज काढणारा नेमकं तेच हातातून काढून घेतो.

एक आक्षेप जाणकार मंडळी घेतात, तो रास्त आहे. सैल खडीवर किंवा वाळूवर एबीएसची गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ शकते, कारण जाम झालेलं चाक स्वतःपुढे खडीचा ढीग रचतं आणि त्या ढिगाने गाडी अडते. खरं आहे. शिवाराकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर हे दिसेलही. पण तिथेसुद्धा जाम चाकांची गाडी वळत नाही, आणि बहुतेकांचा बहुतेक प्रवास डांबरावरच होतो. शंभर किलोमीटरमधल्या दोन किलोमीटरसाठी उरलेल्या अठ्ठ्याण्णवांवरचं संरक्षण सोडून देणं हा हिशेब मला पटत नाही.

वडिलांच्या गाडीचा दाखला तर मुळातच गैरलागू आहे, आणि ही गोष्ट फ्यूज काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. मागे पुढच्याइतकाच दाब दिला तर ती आधी जाम होतात आणि गाडी शेपटाकडून भोवंडते. जुन्या बिनएबीएसच्या गाड्यांत हे टाळायला मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा एक यांत्रिक वाल्व्ह असायचा. पुढे एबीएसबरोबर ईबीडी आलं, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकच्या दाबाची वाटणी मॉड्यूलच करू लागलं, आणि अनेक गाड्यांतून तो यांत्रिक वाल्व्ह काढून टाकला गेला. अशा गाडीचा एबीएसचा फ्यूज काढला की ईबीडीही जातं आणि खाली आधाराला काहीच उरत नाही. ती गाडी वडिलांच्या गाडीसारखी होत नाही, तिच्यापेक्षा वाईट होते. एका चाकाचा सेन्सर गेला तर पुष्कळ गाड्यांत एबीएस थांबतं पण ईबीडी उरलेल्या सेन्सरांवर काम चालू ठेवतं. तेव्हा फक्त पिवळा दिवा लागतो. पिवळ्याबरोबर हँडब्रेकचा लाल दिवाही लागला तर समजावं की ईबीडीसुद्धा गेलं आहे, किंवा ब्रेकचं तेल उतरलं आहे. म्हणजे एका सेन्सरचा किरकोळ बिघाड फ्यूज काढून आपण स्वतःच्या हाताने मोठा करतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे दिवाच नाहीसा करणं. कुणी बल्ब काढतं, कुणी त्यावर काळी पट्टी चिकटवतं, कुणी त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून देतं म्हणजे दोन्ही एकदम लागून एकदम विझतात. गाडी विकायची असली की हे हमखास होतं. घेणाऱ्याला वाटतं एबीएस आहे, आणि त्या भरवशावर तो घाट उतरतो. हा व्यवहार फसवणुकीचा आहे, त्याला दुसरं नाव देता येणार नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने एवढं तरी करावं: किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता डॅशबोर्डकडे पाहावं. एबीएसचा दिवा लागला पाहिजे, दोन-तीन सेकंदांनी आपला आपण विझला पाहिजे. लागलाच नाही तर विकणाऱ्याला कारण विचारा. इतर दिव्यांच्या अगदी बरोबरीने विझला तरी शंका घ्या.

इथे एका गोष्टीची नोंद करायला हवी. भारतात गाड्यांच्या नव्या मॉडेलना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१८ पासून, आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांना एप्रिल २०१९ पासून. जर्मनीत बॉशचं एबीएस मर्सिडीजमध्ये १९७८ सालीच बसलं होतं; आपल्याला चाळीस वर्षं लागली. मधल्या काळात ते बहुतेक गाड्यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्येच मिळायचं. म्हणजे २०१९ पूर्वीच्या गाडीत एबीएस असेल तर बहुधा कुणीतरी, तुम्ही किंवा आधीच्या मालकाने, त्याचे जादा पैसे मोजलेले आहेत. विकत घेतलेलं संरक्षण एका फ्यूजबरोबर फेकून देण्यात बचत कसली?

आता दुसऱ्या सल्ल्याकडे येतो. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू सुरक्षेचा असतो, निदान तसं म्हटलं जातं, म्हणून त्याला विरोध करणं अवघड जातं. स्कॅनर लावला, पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचा कोड आला, लगेच सेन्सर बदलला. दिवा पुन्हा लागला, मग दुसरा सेन्सर. तरीही लागला, मग मॉड्यूल. मालकाच्या खिशातून सेन्सरच्या अनेक पट रक्कम जाते, आणि शेवटी कळतं की वायर जोडणाऱ्या कप्लरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या होत्या.

गोम अशी की कोड सुट्या भागाचा नसतो, सर्किटचा असतो. फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या गाड्यांत, म्हणजे आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यातून २००१ पासून बाहेर पडलेल्या ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांतही, ००२८५ हा कोड पुढच्या उजव्या चाकाकडे बोट दाखवतो, ००२८३ पुढच्या डाव्याकडे, ००२८७ मागच्या उजव्याकडे, ००२९० मागच्या डाव्याकडे. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे. पण अर्थ सगळीकडे तोच: या चाकाकडून मला नीट सिग्नल मिळत नाही, एवढंच मॉड्यूल सांगतं. सेन्सर मेला, वायर तुटली, कप्लर गंजला, दातेरी रिंग फुटली, बेअरिंगमध्ये प्ले आला, की त्या चाकाला वेगळ्या मापाचा टायर बसवला, हे त्याला कळत नाही. ते माणसाने शोधायचं असतं. बाजारात मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर तर बहुतेकदा इंजिनचेच कोड वाचतो, एबीएसच्या मॉड्यूलपर्यंत पोचतच नाही. त्यावर काही दिसलं नाही म्हणून गाडी ठीक आहे असं धरणाऱ्यांनीही सावध व्हावं.

मग शोधायचं कसं? यात गूढ काही नाही, फक्त क्रम पाळावा लागतो.

आधी ब्रेकच्या तेलाची पातळी आणि बॅटरीचं व्होल्टेज. जुन्या, मरगळलेल्या बॅटरीने सकाळी स्टार्ट करताना एबीएसचा दिवा लागू शकतो, हे लक्षात न आल्यामुळे कित्येक सेन्सर उगाच बदलले जातात. चारही टायर एकाच मापाचे आहेत का तेही पाहावं. नंतर एबीएस वाचणारा स्कॅनर लावून गाडी सरळ रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने चालवायची आणि दुसऱ्या माणसाने चारही चाकांचे आकडे पाहायचे. तिघांचे पंचवीस आणि एकाचा शून्य, किंवा एकाचा आकडा मध्येच गळतोय, तर चाक सापडलं. हे आकडे पाहिल्याशिवाय कुणी सेन्सर मागवत असेल तर त्याला थांबवा.

चाक सापडलं की गाडी सपाट जागी उभी करून, दुसऱ्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावून, जॅकबरोबर स्टँडही देऊन चाक काढायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नये. पहिलं काम डोळ्यांचं. सेन्सरची वायर सस्पेन्शनबरोबर हलते आणि पुढच्या चाकांत स्टिअरिंगबरोबर वाकते, त्यामुळे वाकण्याच्या जागी वरचं कव्हर शाबूत असूनही आतली तार तुटलेली सापडते. उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर आपल्याकडे नवी नाही. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने कप्लरमध्ये पाणी घुसतं. सेन्सरच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर ब्रेकच्या घासणीचा लोखंडी कीस चिकटलेला असतो. तो कापडाने पुसला तरी काही गाड्या सुधारतात.

पुढे मापन, आणि इथे सेन्सर कोणत्या जातीचा आहे हे कळायलाच हवं. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो साधा असतो: चुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं. ड्राइव्ह शाफ्टवर किंवा हबवर बसवलेली दातेरी रिंग त्याच्यासमोरून फिरते आणि वेटोळ्यात एसी व्होल्टेज तयार होतं. मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. साधारण ८०० ते २,००० ओहमच्या दरम्यान येतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मॅन्युअल नसेल तर डाव्या-उजव्याची तुलना करावी. मोजताना वायर हलवत राहावी, आकडा उडाला तर तुटकी जागा तिथेच आहे. सेन्सरची तार आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये जोड दिसता कामा नये. मग मीटर एसीवर ठेवून चाक हाताने सेकंदाला एक फेरा या गतीने फिरवावं; शंभर मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त आले तर सेन्सर बहुधा जिवंत आहे. फार कमी आले तर सेन्सर आणि रिंग यांच्यातली फट तपासावी. ती मिलिमीटरभराची असते, बहुतेक गाड्यांत त्याच्या आसपासच, आणि गंजाने ती वाढली तर सिग्नल मरतो.

नंतरच्या गाड्यांत सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याला मॉड्यूलकडून वीज लागते आणि तो चाकाच्या गतीनुसार दोन पातळ्यांचा करंट सोडतो, साधारण ७ आणि १४ मिलिअँपियर. त्याच्यासमोर दातेरी रिंग असेलच असं नाही. बऱ्याचदा बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा दिलेला असतो, जो डोळ्याला नुसता काळा रबरासारखा दिसतो. या सेन्सरवर ओहम मोजून काहीच सिद्ध होत नाही, उलट मीटरच्या विजेने तो बिघडू शकतो. त्याऐवजी कप्लर सोडून, किल्ली फिरवून, गाडीच्या बाजूच्या दोन पिनांत व्होल्टेज आहे का पाहावं. बऱ्याच गाड्यांत ते बॅटरीच्या आसपास असतं. तिथेच व्होल्टेज नसेल तर नव्या सेन्सरने काही होणार नाही, दोष मागच्या वायरिंगमध्ये आहे. साध्या आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सरला एकाच पद्धतीने तपासणं ही आपल्या गॅरेजांमधली सर्वांत महागात पडणारी सवय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

या चुंबकीय पट्ट्यामुळे एक बिघाड हमखास होतो. बेअरिंग आवाज करतं म्हणून बदललं आणि दुसऱ्या दिवशी एबीएसचा दिवा लागला, अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर सेन्सरला हात लावण्याआधी बेअरिंग उलटं बसलंय का ते विचारावं. पट्ट्याची बाजू सेन्सरकडे यावी लागते. ती बाहेर गेली तर सिग्नल शून्य. प्रेसवर दाबताना पट्ट्याला चरा पडला तरी तेच. उलटं बसलेलं बेअरिंग दाबून काढलं की ते वाया जातं, नवंच घालावं लागतं. म्हणून आधीच बाजू तपासून घेणं बरं. चुंबकाची रेघ दाखवणारं छोटं कार्ड मिळतं, त्याने क्षणात कळतं.

दातेरी रिंगेचा दोष तर दिव्याशिवायही राहू शकतो, आणि हा प्रकार सर्वांत फसवा. रिंगेखाली शाफ्टवर गंज चढतो, गंज फुगतो, रिंग उचलली जाते किंवा तडकते. मग गाडी अगदी थांबत आली असताना, पाच-दहाच्या वेगाला, एक दात हरवल्यासारखा सिग्नल जातो, मॉड्यूलला वाटतं चाक जाम होतंय आणि ते ब्रेक सोडतं. कोरड्या रस्त्यावर पेडल थरथरतं आणि गाडी हात-दोन हात पुढे सरकते. घृष्णेश्वराच्या वाहनतळावर, गर्दीच्या दिवशी, हात-दोन हात म्हणजे पुष्कळ झाले. लोक ब्रेक पॅड बदलतात, मास्टर सिलिंडर बदलतात, आणि दोष तसाच राहतो. फ्यूज काढणाऱ्यांचं म्हणणं मी फक्त इथे, आणि फक्त गॅरेजपर्यंत सावकाश पोचण्यापुरतं, मान्य करीन. दुरुस्ती म्हणून कधीच नाही. इथे इलाज रिंग बदलणं किंवा खालचा गंज साफ करून ती पुन्हा नीट बसवणं हा आहे.

सगळं मोजून सेन्सरच दोषी ठरला तर मग बदलावा, आणि तोही एकच. चारही बदलण्याला काही आधार नाही. उरलेल्या तिघांचे आकडे स्कॅनरवर बरोबर दिसत असतील तर ते चांगले आहेत. पुढचे डावा-उजवा सेन्सर सारखे असतील तर नवा आणण्याआधी त्यांची अदलाबदल करून पाहावी. कोड सेन्सरबरोबर दुसऱ्या चाकाला गेला तर सेन्सर वाईट, जागच्या जागी राहिला तर वायरिंग किंवा रिंग. ही खात्री बिनपैशांची आहे.

काढताना घाई नको. एवढ्या वर्षांत सेन्सर नकलच्या, म्हणजे हब धरणाऱ्या भागाच्या, भोकात गंजून चिकटलेला असतो. बोल्ट काढल्यावर वायरला धरून ओढलं तर वरचा भाग हातात येतो आणि टोक आतच राहतं. गंज सोडवणारं तेल मारून तासभर, शक्य असेल तर रात्रभर ठेवावं, मग पक्कडीने हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत वर काढावं. ठोकून आत ढकलू नये, समोर रिंग किंवा बेअरिंग आहे. ड्रिल हा शेवटचा उपाय, आणि तोही आतल्या बेअरिंगमध्ये कीस पडणार नाही अशी काळजी घेऊन. भोक पॉलिश पेपरने स्वच्छ केल्याशिवाय नवा सेन्सर बसवू नये. खाली गंज राहिला तर तो तिरपा बसतो आणि फट बदलते. बोल्ट छोटा असतो, साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच आवळायचा; लांब पाना लावून जोर काढला की तो तुटलाच. वायर मूळच्या क्लिपांतूनच न्यावी आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ती ताणत नाही ना, टायरला घासत नाही ना, हे पाहावं. तुटलेली वायर नुसती पिळून टेप मारलेली मला कुठेही मान्य नाही. सोल्डर करून, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवूनच ती जोडावी, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार परत येईल. कोड पुसल्यावर बऱ्याच गाड्यांत दिवा लगेच जात नाही, गाडी थोडी चालवल्यावर मॉड्यूल स्वतःची खात्री करून घेतं आणि मगच विझवतं. दिवा तेव्हा विझला तर काम झालं.

एवढी खटपट पंधरा वर्षांच्या गाडीसाठी कशाला, असं काहीजण म्हणतील. गाडीची किंमत किती आणि तुम्ही तिच्यावर किती खर्च करताय, असंही म्हणतील. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी पुन्हा करून घ्यावी लागते आणि पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर असते. एमएच-२० च्या अशा कितीतरी गाड्या रोज शहरातून वेरूळ, कन्नड, वैजापूरकडे जातात. त्यांत आजी-आजोबा बसतात, शाळेची मुलं बसतात. गाडी जुनी झाली म्हणून तिच्यातल्या माणसांचं किंवा तिच्यासमोरून चालणाऱ्यांचं मोल उतरत नाही. आणि खर्चाचाच प्रश्न असेल तर मोजून दुरुस्त करणं सगळ्यांत स्वस्त पडतं, कारण त्यात बहुतेकदा एखादा कप्लर साफ करणं, तुटकी तार जोडणं किंवा एक सेन्सर बदलणं एवढंच निघतं.

आपल्या जिल्ह्यात हे ज्ञान नाही असंही नाही. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्यात गाड्या जोडल्या गेल्या, चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजच्या एन्ड्युरन्सचे ब्रेक देशभरच्या दुचाकींवर बसतात. मायक्रॉनमध्ये मोजमाप करणारी हजारो माणसं या शहरात दोन पिढ्यांपासून राहतात. त्याच शहराच्या रस्त्यांवर ब्रेकचा दोष अंदाजाने ठरवला जावा, हे मला सहन होत नाही. खुलताबाद-वेरूळच्या गॅरेजवाल्यांनी मिळून एबीएस वाचणारा एक चांगला स्कॅनर घ्यावा आणि पाळीपाळीने वापरावा. मल्टिमीटर तर प्रत्येकाकडे हवाच.

गाडीमालकांना माझी विनंती आहे. दिवा लागल्यावर फ्यूज काढू देऊ नका आणि सेन्सर मागवूही देऊ नका. आधी विचारा: कोणत्या चाकाचा कोड आहे, गाडी चालवून चारही चाकांचे आकडे पाहिले का, सेन्सरवर किती ओहम किंवा किती व्होल्ट आले? आकडे सांगता आले तर त्या गॅरेजला काम द्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. सांगता आले नाहीत तर गाडी सावकाश दुसरीकडे न्या.